द एक्सएक्सचा पहिला अल्बम इतका रिकामा असूनही भरलेला का वाटतो, आणि तुमच्या पहिल्या अल्बमसाठी त्यातून काय घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघांचा इंडी पॉप बँड, नऊ-दहा गाणी तयार, काही मराठी काही इंग्रजी, पैसे जेमतेम, आणि साउंड हवाय द एक्सएक्स या लंडनच्या बँडच्या पहिल्या अल्बमसारखा. त्यात इतकं कमी वाजतं तरी पोकळ वाटत नाही, मग आम्ही तेच केलं की डेमोसारखं का वाटतं? मी पुण्यात बरीच वर्षं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करते, बहुतेक काम छोट्या बँड्सचंच, आणि हा अल्बम मिक्स करताना रेफरन्स म्हणून माझ्याकडे कायम उघडा असतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. त्या अल्बममधली मोकळी जागा मिक्समध्ये तयार झालेली नाही, ती गाणी बसवतानाच ठेवलेली आहे. तुम्ही काय करता (आणि जवळपास प्रत्येक नवा बँड हेच करतो), आधी सगळं वाजवून घेता, दोन गिटार, पॅड (मागे सलग धरलेले कीबोर्डचे सूर), सिंथ, बेस, शेकर, बॅकिंग व्होकल्स, आणि मग मिक्सच्या वेळी म्हणता की आता जरा मिनिमल करूया, म्हणजे सगळ्यांचा आवाज कमी करूया. आवाज कमी केलेली गोष्ट तिथेच असते, ती जागा अडवतेच, फक्त नीट ऐकू येत नाही. त्यातून जे येतं ते मिनिमल नसतं, ते धूसर असतं, आणि धूसर म्हणजेच तुम्ही ज्याला डेमोसारखं म्हणताय ते.

हा अल्बम कसा घडला ते माहीत असलं की हे जास्त पटेल. दक्षिण-पश्चिम लंडनमधल्या पटनी भागातल्या एलियट स्कूल या शाळेतली ही मुलं. रोमी मॅडली क्रॉफ्ट आणि ऑलिव्हर सिम अगदी लहानपणापासूनचे मित्र, पंधरा-सोळाव्या वर्षीच दोघं मिळून गाणी करायला लागले, आणि विशेष म्हणजे शब्द दोघंही आपापले वेगळे लिहायचे, एकमेकांना ऑनलाइन पाठवायचे, मग जोडायचे. गाणी ऐकताना दोन माणसं एकाच नात्याबद्दल वेगवेगळ्या खोल्यांत बसून बोलतायत असं जे वाटतं ना, त्यामागे ही पद्धत आहे. बारिया कुरेशी गिटार आणि कीबोर्डला आली, जेमी स्मिथ बीट्ससाठी त्यानंतर आला. ड्रमर नव्हताच. एक्सएल रेकॉर्डिंग्जच्या यंग टर्क्स या लेबलनं त्यांना घेतलं, तालमीला जागा दिली, आणि घाई केली नाही. मधल्या काळात डिप्लो, क्वेस अशा प्रोड्युसर्सबरोबर काम करून बघितलं, पण कुणाशीच तो साउंड बसला नाही, शेवटी जेमीनंच प्रोड्यूस करायचं ठरलं. डिसेंबर 2008 ते एप्रिल 2009 या काळात एक्सएलच्याच छोट्याशा इन-हाउस स्टुडिओत, बराचसा भाग रात्री, रेकॉर्डिंग झालं, इंजिनियर होता रॉडी मॅकडॉनल्ड. ऑगस्ट 2009 मध्ये अल्बम आला, अकरा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. तेव्हा ही मुलं विशीच्या आसपासची होती. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 2010 मध्ये, याच अल्बमला मर्क्युरी प्राइझ (ब्रिटनमधला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार) मिळालं आणि त्यानंतर तो यूकेच्या चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेला.

यातलं तुमच्या कामाचं काय? स्टुडिओत शिरायच्या आधी ती गाणी स्टेजवर बराच काळ वाजत होती. आणि रेकॉर्डिंगमध्ये पण धोरण हेच ठेवलं की स्टेजवर आपल्याला जे वाजवता येईल तेवढंच ठेवायचं. हा नियम ऐकायला साधा आहे पण तो पाळला की अर्धे निर्णय आपोआप होतात. चौघं असाल तर एका क्षणाला चारपेक्षा जास्त गोष्टी वाजणारच नाहीत, मग प्रत्येक गोष्टीला तिथे असण्याचं कारण लागतं. बिनकामाचा पॅड टिकतच नाही, कारण तो कोण वाजवणार हा प्रश्न लगेच येतो.

आता कान लावून ऐका, हेडफोन घालून, आणि एका वेळी एकच वाद्य धरा. बेस धरा आधी. बहुतेक पॉपमध्ये बेस कॉर्डचा मूळ सूर धरून बसतो, इथे बेस ही दुसरी गिटार असल्यासारखी चाल गातो, आणि कितीतरी जागी मुख्य धून बेसकडेच आहे. मग गिटार धरा. रोमी कॉर्ड्स झोडपत नाही, एकेक सूर वाजवते, दोन सुरांमध्ये थांबते, आणि बऱ्याचदा वरच्या पट्टीत असते. याचा परिणाम काय होतो ते आकड्यांत सांगते. बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण 41 हर्ट्झ, गिटारची जाड तार 82 हर्ट्झ. तुमचा गिटारिस्ट जेव्हा पहिल्या तीन फ्रेट्सवर सहाच्या सहा तारांचा जी कॉर्ड जोरात घासतो तेव्हा तो शंभर हर्ट्झच्या आसपासपासून ते पाच हजारांपर्यंत सगळीकडे पसरतो, म्हणजे बेसची वरची बाजू, पुरुष गायकाचा पूर्ण आवाज, स्नेअर ड्रमचं अंग, सगळ्यावर बसतो. मग तुम्ही मला सांगता की ईक्यूनं (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) जागा करून द्या. देते मी, पण कापाकापी केलेली गिटार किरकिरी लागते आणि मग ती लपवायला रिव्हर्ब (मोठ्या खोलीतल्यासारखं घुमणं) येतो, आणि पुन्हा धुकं. त्यापेक्षा तीच कॉर्ड वरच्या तीन तारांवर पकडा, किंवा तिच्यातले दोनच सूर वाजवा, ईक्यूला हातच लावावा लागत नाही.

आपल्याकडेही हे नवीन नाहीये खरं तर. जुनी भावगीतं काढून ऐका, गायक ओळ म्हणत असतो तेव्हा व्हायोलिन गप्प असतं किंवा अगदी मागे, ओळ संपली, श्वास घेतला, की तेवढ्या फटीत तो चार सुरांचा तुकडा येतो आणि पुन्हा बाजूला होतो. कोण कधी गप्प बसणार हे लिहून ठेवलेलं असायचं. तुमच्या गाण्यांचं असं एक पान बनवा खरंच, प्रत्येक ओळीखाली लिहा कोण वाजवतंय आणि कोण थांबलंय, आणि ज्या ओळीखाली कुणीच थांबलेलं नाही तिथे लाल खूण करा.

रिव्हर्बचं आता, कारण सगळ्यात जास्त गैरसमज यातच आहे. लोक म्हणतात या अल्बममध्ये खूप रिव्हर्ब आहे. गिटारवर आहे, भरपूर आहे. पण आवाज ऐका, ते बऱ्यापैकी कोरडे आहेत, कानाजवळ आहेत, ओठ हलल्याचं कळतं इतके जवळ. बीट्ससुद्धा आखूड, वाजलं की संपलं. म्हणजे एक गोष्ट एकदम जवळ, एक खूप लांब, आणि मधली जागा खरोखर मोकळी. सगळ्यांना सारखा रिव्हर्ब दिला असता तर सगळेच सारखे लांब गेले असते आणि अंतर असं काही उरलंच नसतं. तुम्ही पाठवलेल्या प्रश्नात लिहिलंय की व्होकल्सवर मोठा हॉल रिव्हर्ब टाकलाय, तो आधी काढा. गिटारच्या रिव्हर्बला वेगळा सेंड (मिक्समधली वेगळी वाट) करा, त्याच्या रिटर्नवर, म्हणजे परत येणाऱ्या रिव्हर्बवर, तीनशे-चारशे हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, थोडा प्री-डिले द्या म्हणजे सूर आधी स्पष्ट लागतो आणि शेपूट नंतर येते, आणि शेपटीची लांबी गाण्याच्या लयीवर ठरवा, पुढचा सूर यायच्या जरा आधी ती विरली पाहिजे. दोन सुरांमधली जी जागा तुम्हाला भरलेली वाटते ती या शेपटीनं भरलेली असते, नवीन वाद्यानं नाही.

पण इथेच एक अडचण येते आणि ती आपल्या घरांमधली आहे. इतकं कमी वाजत असेल तर मागचा सगळा कचरा ऐकू येतो. भरगच्च रॉक गाण्यात गिटारची हम (विजेची सततची गुणगुण) लपून जाते, इथे ती पाचवा मेंबर बनते. आपल्याकडे बऱ्याच घरांत अर्थिंग नीट नसतं, लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असतो, आणि सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणारं एकच वेटोळं असलेली) गिटार लावली की 50 हर्ट्झची हम आणि तिच्यावरची चरचर सुरू. उपाय महाग नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, इंटरफेस (माईक-गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डवर लावा, डिमर आणि ट्यूबलाइट बंद, आणि गिटार हातात घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला हम अगदी कमी होते, तिथेच खुर्ची टाका. पंखा, एसी, फ्रिज बंद. रस्त्यावरच्या घरात असाल तर दुपारी साडेतीनला व्होकल्स करायला बसू नका, रात्री अकरानंतर बसा, आणि गणपतीच्या आधीचा महिना तर रेकॉर्डिंगला ठेवूच नका, ढोल पथकांच्या तालमी संध्याकाळभर चालतात आणि ते लो-एंड (खालचे जाड सूर) कुठल्याही भिंतीतून येतं. खोलीत अंड्यांचे ट्रे चिकटवू नका प्लीज, त्यानं काही होत नाही. 48 डेन्सिटीचं रॉकवूल (दगडी धाग्यांची लोकर) चार इंच जाडीचं, लाकडी चौकटीत कापडानं गुंडाळून, कोपऱ्यात आणि गायकाच्या पाठीमागे लावा. तेही नसेल तर गाद्या आणि जाड रजया उभ्या करा, व्होकलसाठी तेवढ्यानं खूप फरक पडतो.

व्होकल्सवर मी जरा जास्त बोलणार आहे कारण तुमचा अल्बम उभा राहील किंवा पडेल तो यावरच. रोमी आणि ऑलिव्हर दोघंही हळू गातात. ताकद लावून गाणारे गायक ते नाहीतच, आणि अल्बमनं त्यांना तसं व्हायला लावलं नाही. एक ओळ ती, एक ओळ तो, कधी दोघं एकत्र एकाच सुरात, मोठमोठ्या हार्मनीज रचलेल्या नाहीत. हळू गाणं रेकॉर्ड करणं मोठ्यानं गाण्यापेक्षा अवघड असतं. कुजबुजीच्या पातळीचा आवाज पकडायला प्रीअ‍ॅम्पचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) खूप लागतो, आणि स्वस्त इंटरफेसचा प्रीअ‍ॅम्प पूर्ण वर नेला की सीsss असा आवाज येतोच. यूट्यूबवर बघून जो जाडा डायनॅमिक माईक सगळे घेतात ना, त्याला साधारण साठ डीबी स्वच्छ गेन लागतो, हळू गाणाऱ्यासाठी तर त्याहून जास्तच, म्हणून तुमच्या कामाला तो योग्य नाही. चांगला लार्ज डायफ्राम कंडेन्सर, सेल्फ-नॉइज (माईकचा स्वतःचा आवाज) कमी असलेला, भाड्यानं आणा. चार ते सहा इंचावर उभं राहा, पॉप फिल्टर लावा, माईक तोंडासमोर सरळ न धरता किंचित वर किंवा बाजूला ठेवा. इतक्या जवळून कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं पकडणारा) माईक लो-एंड वाढवतो, तोच तो कानाजवळचा उबदारपणा, पण गायक दोन इंच पुढेमागे हलला की टोन बदलतो, म्हणून पायाखाली टेप लावून जागा ठरवा. लेव्हल -10 डीबीएफएसच्या (यात शून्य म्हणजे कमाल पातळी) आसपास पीक होऊ द्या, 24 बिटमध्ये घेताय तर लाल दिव्याजवळ जायची काहीच गरज नाही.

आणि मराठी गाण्यांसाठी एक खास. इंग्रजी इंडी ऐकून वाढलेले आपले गायक मराठी शब्दही त्याच सैल तोंडानं गातात. हळू गाताना भ, फ, ख, ठ यांची हवा थेट माईकवर आदळते, आणि उलट शब्दाच्या शेवटचे त, ल, ट गिळले जातात, "वाट" आणि "वात" सारखंच ऐकू येतं. मोठ्या आवाजात हे खपतं, इतक्या रिकाम्या अरेंजमेंटमध्ये खपत नाही कारण लपायला मागे काहीच नाही. गाण्याआधी प्रत्येकानं आपले शब्द बोलण्याच्या आवाजात, चाल न लावता, माईकवर म्हणून बघावेत आणि रेकॉर्ड करून ऐकावेत. जे बोलताना कळतं ते गाताना कळलं पाहिजे, एवढीच परीक्षा. तुमच्यातल्या गायिकेला मुद्दाम सांगते, तिनं लिहिलंय की तिचा आवाज बारीक आहे म्हणून डबल-ट्रॅक (तीच ओळ दोनदा गाऊन एकावर एक) करू का. नको. एकच टेक, एकच आवाज, जवळून. डबलिंगनं आवाज जाड होतो हे खरं पण ती व्यक्ती पुसली जाते, आणि या प्रकारच्या गाण्यात लोक व्यक्तीसाठीच थांबतात.

बीट्सचं थोडक्यात. जेमी स्टेजवर अकाईच्या एमपीसी या बीट-मशीनची पॅड बटणं बोटांनी वाजवतो, लॅपटॉपवर प्ले दाबून उभा राहत नाही. शिवाय या मुलांच्या कानात नव्वदीचं आणि दोन हजारच्या आसपासचं अमेरिकन आरअँडबी होतं, त्यातलीच गायिका आलिया हिचं गाणं त्यांनी कव्हरही केलंय, त्यामुळे किक आणि स्नेअरच्या मध्ये हवा आहे, थोडा लचका आहे. तुम्ही माउसनं ग्रिडवर ठोकळे मांडताय. त्याऐवजी स्वस्तातला पॅड कंट्रोलर घ्या, तुमच्या कीबोर्डवाल्याला महिनाभर रोज वाजवू द्या, आणि रेकॉर्ड झाल्यावर क्वांटाइझ (ठोके आपोआप ग्रिडला चिकटवणं) शंभर टक्के करू नका. किकची शेपूट आखूड ठेवा, बेसला श्वास घ्यायला जागा मिळते.

क्रम आणि लांबी. अकरा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत, आणि सुरुवात दोन मिनिटांच्या एका तुकड्यानं ज्याच्यात शब्दच नाहीत. गंमत म्हणजे तोच तुकडा सगळ्यात लांब गेला, 2010 च्या ब्रिटिश निवडणुकीच्या बीबीसी कव्हरेजमध्ये वाजला, 2011 मध्ये रिहानानं आपल्या गाण्यात सॅम्पल केला. तुमच्या दहा गाण्यांपैकी दोन सहा-सहा मिनिटांची आहेत. ती स्टेजवर छानच लागत असतील, अल्बमसाठी मात्र दोन्हीतला एकेक भाग काढून बघा, आणि तुम्हाला काहीच कमी वाटलं नाही तर तो भाग नव्हताच म्हणायचं.

पैसे कुठे घालायचे यावर माझं मत ठाम आहे. महागडा स्टुडिओ दहा दिवस घेऊ नका. बेस आणि गिटार घरी होतात, वर लिहिलेली काळजी घेतली तर. बीट्स तर घरीच होणार. शांत खोली आणि चांगला माईक फक्त व्होकल्ससाठी दोन दिवस घ्या, उरलेले पैसे मिक्स आणि मास्टरिंगला (मिक्सनंतरचा शेवटचा हात) ठेवा, आणि मास्टरिंग मिक्स करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाकडून करा, ताजे कान मिळतात. मास्टर लाउड करा म्हणून मागे लागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण -14 एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आणून वाजवतं, तुम्ही -7 ला चेपून दिलंत तर ते आवाज खाली ओढणारच, मग तुमच्याकडे उरेल फक्त चेपलेलं गाणं, आणि तुमच्या गाण्याची सगळी गंमत हळू आणि मोठ्याच्या फरकातच आहे. ट्रू पीक (आवाजाचं खरं कमाल टोक) -1 डीबी ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही तरी लिहिते. द एक्सएक्सचा अल्बम आला त्याच वर्षाच्या शेवटी बारिया कुरेशी बँडमधून बाहेर पडली आणि बँड तिघांचा झाला. असं कुठल्याही बँडचं होऊ शकतं, वयाच्या विशीत तर फारच, कुणाला नोकरी लागते, कुणी जर्मनीला एमएस करायला जातं. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी एका कागदावर प्रत्येक गाण्याचे शब्द कुणाचे, चाल कुणाची, टक्के किती, मास्टर रेकॉर्डिंगची मालकी कुणाची, कुणी सोडून गेलं तर बँडचं नाव कुणाकडे, हे लिहा आणि चौघांनी सह्या करा. मैत्री आहे म्हणूनच लिहायचं. शब्द आणि संगीत करणाऱ्यांनी आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या, 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यानं पक्का झालाय पण तो आपोआप खात्यात येत नाही, गाणी नोंदवावी लागतात. तुम्ही त्या एका गाण्यात जुन्या मराठी चित्रपटगीताचा चार सेकंदांचा तुकडा वापरलाय तो परवानगी नसेल तर काढा, चार सेकंद चालतात ही समजूत चुकीची आहे.

आता पुढचे दोन आठवडे स्टुडिओ शोधू नका. तालमीच्या खोलीत मध्यभागी एक मोबाइल ठेवा, दहाही गाणी एका दमात वाजवा, तसंच्या तसं ऐका. जी गाणी मोबाइलवरच्या त्या कच्च्या रेकॉर्डिंगमध्येही उभी राहतात ती आधी घ्या, उरलेल्यांतला एकेक पार्ट काढत परत वाजवा, आधी पॅड, मग दुसरी गिटार, मग शेकर, आणि ज्या क्षणी गाणं कोसळतं त्याच्या एक पायरी आधी थांबा. ती दोन्ही रेकॉर्डिंग्ज, आधीचं आणि नंतरचं, मला पाठवा, ऐकून गाण्यागणिक लिहिते. आणि बेसच्या तारा बदला, फोटोत दिसतायत त्या पार गंजल्यात.